व्हॅनेडियम पोलाद: सरकत्या फेज-सीमेवरचे कार्बाइडचे थर मॉडेलमध्ये उमटतच नाहीत

फेजसीमा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इंटरफेज प्रेसिपिटेशनचं (म्हणजे सरकत्या फेज-सीमेवर कार्बाइडचे कण थराथराने जन्मण्याचं) मॉडेल बांधतोय, पण प्रयोग आणि हिशोब यांचा मेळ बसत नाही.

पोलाद असं: कार्बन ०.१०, मँगनीज १.५, सिलिकॉन ०.२, व्हॅनेडियम ०.२० (सगळे वजनी टक्के), नायट्रोजन नगण्य. ११५० अंशांवर १० मिनिटं, तिथून थेट ७०० अंशांच्या सॉल्ट बाथमध्ये. टीईएममध्ये (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) व्हॅनेडियम कार्बाइडचे थर स्वच्छ दिसतात. दोन थरांत १८ ते २२ नॅनोमीटर अंतर, कणांचा व्यास ४ ते ५ नॅनोमीटर. डायलॅटोमेट्रीवरून (नमुन्याच्या लांबीतल्या बदलाच्या मोजणीवरून) ऑस्टेनाइट, म्हणजे उच्च तापमानाची फेज, आणि त्यातून बनणारं फेराइट यांच्यातल्या सीमेचा सरासरी वेग सेकंदाला ०.१ मायक्रोमीटरच्या आसपास येतो.

मॉडेल काम्पमन–वॅग्नर पद्धतीचं आहे, म्हणजे कणांचा जन्म आणि वाढ आकारांच्या गटांत मोजणारं. ऑस्टेनाइटमध्ये न्यूक्लिएशन (कणांचा जन्म), जागा म्हणून ग्रेन बाउंड्री, आणि सीमेचा वेग डिक्ट्रा या डिफ्यूजन सॉफ्टवेअरमधून घेतलेला. अडचणी तीन:

१. ऑस्टेनाइटमधलं व्हॅनेडियमचं डिफ्यूजन आहे तसं ठेवलं की एकही कण जन्मत नाही.
२. डिफ्यूजन हजार पटींनी वाढवलं की कण येतात, पण सगळीकडे सारखे पसरतात. थर बनत नाहीत.
३. आंतरपृष्ठ ऊर्जा ०.४ ते ०.७ ज्यूल प्रति चौ. मीटरमध्ये फिरवली तर हवा तो आकडा काढता येतो. म्हणजे मॉडेल काहीच सांगत नाहीये.

चूक मांडणीत आहे की आकड्यांत?

---

कॅल्फॅड_कट्टा

दोन्हीकडे आहे. आधी आकडे बघू, कारण तिथली गडबड लवकर सापडते.

तुम्ही अतिसंपृक्तता बहुधा सरासरी कार्बनवर, म्हणजे ०.१० वर काढताय. सरकत्या सीमेवर ऑस्टेनाइटच्या बाजूला कार्बन साचलेला असतो. ७०० अंशांना तो ०.७ टक्के धरू, तुमचा नेमका आकडा पॅराइक्विलिब्रियममधून (फक्त कार्बन हलतो, बाकी मूलद्रव्यं जागच्या जागी, असा समतोल) काढा. ऑस्टेनाइटमधल्या व्हॅनेडियम कार्बाइडसाठी नेहमीचं विद्राव्यता सूत्र घ्या: लॉग [व्हॅनेडियम][कार्बन] = ६.७२ − ९५००/तापमान (केल्विन). ९७३ केल्विनला गुणाकार साधारण ०.०००९१ येतो.

सरासरी कार्बन घेतला तर ०.०२ भागिले ०.०००९१, म्हणजे २२ पट अतिसंपृक्तता. सीमेवरचा कार्बन घेतला तर ०.१४ भागिले तेच, म्हणजे दीडशे पट. फरक छोटा वाटतो, पण त्याचा अडथळ्यावर काय परिणाम होतो बघा. कार्बाइडचं मोलर आयतन १.०९ × १०^-५ घन मीटर आणि आंतरपृष्ठ ऊर्जा ०.५ धरली तर पहिल्या बाबतीत न्यूक्लिएशनचा अडथळा सुमारे २९ केटी (केटी म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक × तापमान), दुसऱ्या बाबतीत ११ केटी. दरात १० कोटी पटींचा फरक. कार्बाइड सीमेवर का जन्मतं आणि समोरच्या ऑस्टेनाइटमध्ये का नाही, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

तिसऱ्या अडचणीचं मूळही याच आकड्यांत दिसतं. ११ केटीच्या त्याच स्थितीत ऊर्जा ०.५ वरून ०.६ केली की अडथळा १९ केटी होतो आणि दर तीन हजार पटींनी पडतो. एवढा संवेदनशील स्क्रू हातात असला की काहीही जुळवता येतं. म्हणून तो एका तापमानाला एकदाच बसवायचा आणि मग हात लावायचा नाही.

आता सॉफ्टवेअरमधले दोन खड्डे.

थर्मो-कॅल्क या फेज-समतोलाच्या सॉफ्टवेअरच्या पोलाद डेटाबेसमध्ये एमसी कार्बाइड (व्हॅनेडियम कार्बाइड याच प्रकारचं) ही वेगळी फेज नाही. ऑस्टेनाइटच्याच मॉडेलचा तो दुसरा कॉम्पोझिशन सेट आहे, एफसीसी_ए१#२. हा सेट सस्पेंड राहिला किंवा त्याची सुरुवातीची रचना दिली नाही, तर सॉल्व्हर ऑस्टेनाइटचीच दुसरी प्रत शोधून देतो आणि प्रेरक बल शून्य दाखवतो. हिशोब निमूटपणे पुढे जातो, कसलीही तक्रार न करता. सेटमध्ये व्हॅनेडियम आणि कार्बन मुख्य घटक म्हणून घातलेत ना, ते आधी तपासा.

दुसरा खड्डा एककांचा. प्रेरक बल दर मोल अणूंमागे मिळतं, आणि मोलर आयतन बऱ्याचदा दर मोल सूत्रामागे घातलं जातं. व्हॅनेडियम कार्बाइडच्या सूत्रात दोन अणू, म्हणजे प्रेरक बल निम्मं होतं आणि अडथळा चौपट. ११ केटीचे ४४ केटी झाले की कण कसे जन्मणार? तुमची पहिली अडचण इथूनही आलेली असू शकते.

एक बारकावा. वरचा हिशोब ऑस्टेनाइटच्या बाजूचा आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना कार्बनचं रासायनिक विभव सारखंच असतं, पण व्हॅनेडियम फेराइट स्थिर करतो. त्यामुळे तेवढ्याच व्हॅनेडियमचं विभव फेराइटमध्ये कमी, आणि त्या बाजूचं प्रेरक बलही थोडं कमी. कार्बाइडचं नातं मात्र फेराइटशी बेकर–नटिंग (दोन्हींच्या स्फटिकांची ठरावीक दिशा-जुळणी) असतं, म्हणून अंतिम मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंचं प्रेरक बल काढून ठेवा.

---

अणुमोजणी

आकड्यांचं वर आलंच आहे. मी मांडणीबद्दल लिहितो, खरा तिढा तिथे आहे.

७०० अंशांना ऑस्टेनाइटमध्ये व्हॅनेडियमचं डिफ्यूजन १०^-१९ चौ. मीटर प्रति सेकंद या क्रमाचं, ढोबळ १.६ × १०^-१९. तुमची सीमा २० नॅनोमीटर सरकायला ०.२ सेकंद घेते. तेवढ्या वेळात ऑस्टेनाइटमध्ये व्हॅनेडियम ०.१८ नॅनोमीटर हलतो, म्हणजे जाळीचं एक घरही नाही. तेव्हा समोरच्या ऑस्टेनाइटमधून व्हॅनेडियम चालत येऊन कणाला मिळतो हे चित्र सोडूनच द्या. तो आपल्या जागी बसलेला असतो आणि सीमा त्याच्यावर येऊन धडकते. हजारचा गुणक लावून तुम्ही ऑस्टेनाइटच्या पोटातच तो पळवायला लागलात, म्हणून कण सगळीकडे आले.

व्हॅनेडियम पळतो तो सीमेच्या आत. टीईएममधल्या आकड्यांवरून थरातल्या कणांचं परस्पर अंतर काढू. ०.२ टक्के व्हॅनेडियम पूर्ण बाहेर पडला तर कार्बाइडचा आयतनी वाटा ०.००३४. थरांतलं अंतर २० आणि व्यास ४.५ नॅनोमीटर धरला तर एका थरात दर चौ. मीटरला १.४ × १०^१५ कण, म्हणजे शेजारच्या कणापर्यंत साधारण २६ नॅनोमीटर. तुमच्या मायक्रोग्राफवर हे अंतर मोजून बघा. ४० निघालं तर एक तर व्हॅनेडियम अजून द्रावणात आहे, नाही तर व्यास कमी मोजला गेलाय. ही ताळेबंदाची तपासणी मॉडेलला हात लावण्याआधी करायची.

आता एक कण जवळून बघू. ४.५ नॅनोमीटरच्या कणात सुमारे २,६०० व्हॅनेडियम अणू असतात. त्या कणाच्या वाट्याला आलेल्या सीमेच्या तुकड्यात, सीमा १ नॅनोमीटर जाड धरली आणि सेग्रिगेशन (सीमेवर व्हॅनेडियम आपणहून जास्त साचणं) सोडून दिलं तर, अणू असतात अवघे १३०. एक नॅनोमीटरचा गाभा बनायला ३० लागतात. म्हणजे जन्म सीमेतल्या साठ्यावर सहज होतो, पण वाढीचा मोठा भाग त्या साठ्यातून होऊच शकत नाही. तो सीमा झाडून आणते त्यातून आणि मागे राहिलेल्या फेराइटमधून होतो. फेराइटमध्ये डिफ्यूजन ऑस्टेनाइटपेक्षा २८० पटींच्या आसपास जास्त, सुमारे ४.५ × १०^-१७. थराच्या दोन्ही अंगांना १० नॅनोमीटरचा व्हॅनेडियम गोळा करायला दोन-तीन सेकंद पुरतात.

म्हणून हिशोब दोन खोल्यांत वाटा.

पहिली खोली सीमेची पट्टी, जाडी ०.५ ते १ नॅनोमीटर. तिच्यात येणारा व्हॅनेडियम = वेग × ऑस्टेनाइटमधलं प्रमाण. जाणारा = वेग × फेराइटमध्ये मागे सोडलेलं प्रमाण, अधिक कणांनी ओढलेला. प्रत्येक कणाची ओढ द्विमितीय डिफ्यूजनची: २ × पाय × पट्टीची जाडी × सीमेतलं डिफ्यूजन × (पट्टीतलं प्रमाण − समतोल प्रमाण), भागिले नॅचरल लॉग (कणांमधलं निम्मं अंतर / कणाची त्रिज्या). सीमेतलं डिफ्यूजन किमान १०^-१५ क्रमाचं हवं, नाहीतर ०.२ सेकंदात १३ नॅनोमीटर पार होत नाहीत. एवढं धरणं अवास्तव नाही. न्यूक्लिएशनच्या जागा दर चौ. मीटरला १०^१९ क्रमाच्या घ्या, आणि त्या फक्त पट्टीतल्या. आयतनात एकही जागा ठेवू नका.

दुसरी खोली मागचं फेराइट. सीमेपासून सुटलेला थर तिकडे द्या आणि तिथे तुमचं काम्पमन–वॅग्नर फेराइटच्या डिफ्यूजनने चालवा.

वेळेची पायरी सेकंदात नको, अंतरात घ्या. सीमा दर पायरीला ०.२ नॅनोमीटरपेक्षा जास्त सरकली की न्यूक्लिएशनचा झटका दोन पायऱ्यांच्या मधे हरवतो आणि थरांतलं अंतर पायरीच्या लांबीवर ठरायला लागतं. पायरी निम्मी करून उत्तर तेच येतं का, ते आधी बघा.

---

फेजसीमा

मनापासून आभार दोघांचेही. कॉम्पोझिशन सेट तपासला, तो ठीक होता. एककांचा घोळ मात्र होता, तो काढला. आता सीमेवर कण जन्मतात.

पण दोन खोल्यांची मांडणी करून बघितली तर थरांतलं अंतर २ ते ३ नॅनोमीटर येतंय. सीमा जरा सरकली की पट्टी पुन्हा भरते आणि पुन्हा न्यूक्लिएशन. २० नॅनोमीटरपर्यंत थांबवणारं काय? कण सीमेला धरून ठेवतात, ती मधे फुगते आणि मग सुटते, असं वाचलं आहे. ते घालू का?

---

पायरीदार

घालण्याआधी ते बळ किती आहे ते काढा. १ नॅनोमीटर त्रिज्येचा कण सीमेला जास्तीत जास्त पाय × त्रिज्या × सीमेची ऊर्जा एवढ्या बळाने धरतो. सीमेची ऊर्जा ०.८ आणि कण १.४ × १०^१५ धरले तर दाब ३.५ मेगापास्कल, म्हणजे मोलमागे जेमतेम २५ ज्यूल. त्रिज्या २.२५ केली तरी ५५-६० ज्यूल. याउलट २६ नॅनोमीटरवर रोवलेली सीमा अर्धगोल फुगवायची तर मोलमागे साडेआठशे ज्यूलच्या घरात लागतात. कण तेवढं धरूच शकत नाहीत. सीमा जवळपास सपाट असतानाच सुटते. सीमा मंदावलेली असेल, म्हणजे रूपांतराच्या शेवटी, तेव्हा हे २५ ज्यूल मोलाचे ठरतात आणि वेगाच्या समीकरणात त्यांची वजावट जरूर करा. पण थरांतलं अंतर त्यातून मिळणार नाही.

राहतो लेज, म्हणजे पायऱ्यांचा मार्ग. डॅव्हनपोर्ट आणि हनीकोम यांनी १९७१ मध्ये मांडलेलं चित्र हेच: सीमा सबंध पुढे सरकत नाही. सपाट, कमी ऊर्जेची पायरीची पाठ जागच्या जागी थांबते आणि पायरीचा उभा चेहरा आडवा धावतो. कण थांबलेल्या पाठीवर जन्मतात, धावत्या चेहऱ्यावर नाही. पुढचा चेहरा आला की पाठ एका झटक्यात पायरीच्या उंचीइतकी वर जाते आणि जुना थर फेराइटमध्ये गाडला जातो. थरांतलं अंतर म्हणजे पायरीची उंची.

तुमच्या २-३ नॅनोमीटरचं कारण यात आहे. सीमा सतत सरकते असं धरल्यामुळे पट्टी सतत भरत राहते. पाठ थांबलेली असेल तर ताजा व्हॅनेडियम वाहून येतच नाही, पट्टीतला साठा संपतो आणि न्यूक्लिएशन आपोआप बंद पडतं. कोडमध्ये बदल छोटा आहे: वेग सलग देऊ नका, पायऱ्यांत द्या. पायरीची उंची भागिले सरासरी वेग एवढा वेळ पाठ स्थिर (तुमच्याकडे ०.२ सेकंद), मग उडी.

याने एक तपासता येईल असं भाकीतही मिळतं. त्या ०.२ सेकंदात फेराइटच्या बाजूने साधारण ३ नॅनोमीटरपर्यंतचा व्हॅनेडियम पोचतो. तो आणि पट्टीतला साठा मिळून कणामागे ५०० अणू, म्हणजे व्यास २.५ नॅनोमीटरच्या जवळ. तेव्हा रूपांतर अर्ध्यावर असताना क्वेंच केलं (झटकन थंड केलं), तर मार्टेन्साइटला (उरलेल्या ऑस्टेनाइटचं तेव्हा जे बनतं त्याला) लागून असलेल्या थरातले कण २ ते ३ नॅनोमीटरचे आणि थोडं मागे गेलं की ४ ते ५ चे दिसायला हवेत. सीमेलगतही ४.५ चे निघाले तर सीमेतून होणारी वाहतूक मी धरली त्यापेक्षा बरीच जोरकस आहे. मग कणाची ओढ वाढवावी लागेल.

यातली उघडी बाजूही सांगतो: पायरीची उंची कुठून येते, हे या मांडणीत बाहेरून द्यावं लागतं. आणि थर नेहमी सुबक स्फटिक प्रतलावर नसतात. वक्र थर आणि अपरिमेय प्रतलांवरचे थरही दिसतात. रिक्स आणि हॉवेल यांनी १९८३ मध्ये अशा अनियमित सीमांसाठी वेगळी यंत्रणा सुचवली. २००१ मध्ये लाग्नेबोर्ग आणि झाजाक यांनी पायऱ्यांवर न विसंबता, व्हॅनेडियम घटणं आणि पुन्हा भरणं यावर अंतर बसवलं. तुमचे थर सरळ आहेत की वक्र, त्यावर निवड करा. सरळ असतील तर पायऱ्या. वक्र असतील तर घट-भर, पण तिथे थर आणि सीमा यांचा संबंध किती अंतरापर्यंत टिकतो ही एक लांबी घालावी लागते. ती ७०० ला बसवा आणि ६६० व ७४० ला बदलू नका. तिन्ही तापमानांची दिशा बरोबर आली, म्हणजे खाली जाताना अंतर कमी झालं, तरच त्या लांबीला अर्थ आहे.

---

फिल्म_आणि_फॉइल

मॉडेल कशाशी जुळवताय तेही बघा. फॉइल (टीईएमसाठी पातळ केलेला नमुना) १०० नॅनोमीटर जाड आणि थर २० वर असतील, तर थर इलेक्ट्रॉन शलाकेपासून ११-१२ अंश कलले की प्रतिमेत एकमेकांवर चढतात आणि ओळी नाहीशा होतात. तो भाग 'विखुरलेले कण' म्हणून नोंदला जातो. दिसणाऱ्या ओळींतल्या अंतराची चूक यात फारशी नसते, ११ अंशांना दोनच टक्के. चुकतं ते थर असलेल्या भागाचं प्रमाण. त्यामुळे प्रत्येक दाणा किमान ±२० अंश टिल्ट करून बघितल्याशिवाय 'थर नाहीत' असं लिहू नये.

ओळी दिसल्या नाहीत तर डार्क फील्डमध्ये (फक्त कणांनी वळवलेल्या शलाकेतून घेतलेल्या प्रतिमेत) व्हेरिएंट, म्हणजे कणांच्या वेगवेगळ्या दिशा, मोजा. बेकर–नटिंग नात्यात फेराइटच्या तीन क्यूब प्रतलांमुळे तीन व्हेरिएंट शक्य असतात. सीमेवर जन्मलेले कण सहसा एकच निवडतात. संपृक्त फेराइटमध्ये नंतर जन्मलेले कण तिन्ही दाखवतात. तिन्ही दिसत असतील तर तो भाग सीमेच्या मॉडेलमध्ये घालू नका, त्याचा हिशोब दुसऱ्या खोलीत होतो.

आणि दाण्यातली जागा लिहून ठेवा. जुन्या ऑस्टेनाइट सीमेपासून किती मायक्रोमीटर आत, ते. सीमेचा वेग वाढीच्या ओघात उतरत जातो, त्यामुळे एकाच दाण्यात अंतर बदलतं. सगळ्यांची सरासरी काढून ती सरासरी वेगाशी जोडली, तर मॉडेल तपासण्याची चांगली संधी हातची जाते.

---

फोर्जशॉप_पुणे

इथेच विचारतो. आमच्याकडे क्रँकशाफ्टसाठी ३८एमएनव्हीएस६ हे व्हॅनेडियमवालं फोर्जिंग पोलाद असतं, फोर्जिंगनंतर कन्व्हेयरवर नियंत्रित हवेत थंड होतं, ८०० ते ६०० अंशांत सेकंदाला साधारण १ अंश. हे मॉडेल तिकडे लावता येईल का?

---

पायरीदार

लावता येईल, पण तीन गोष्टी बदला.

एक, नायट्रोजन. त्या ग्रेडमध्ये तो ०.०१० ते ०.०२० टक्के असतो. ०.०१५ नायट्रोजन ०.०५५ टक्क्यांच्या आसपास व्हॅनेडियम बांधू शकतो. तुमच्या हीटमध्ये व्हॅनेडियम ०.१० असेल तर निम्म्याहून जास्त. व्हॅनेडियम नायट्राइडची विद्राव्यता कार्बाइडपेक्षा खूपच कमी, म्हणून प्रेरक बल कार्बोनायट्राइडसाठी काढा आणि रचना मोकळी सोडा. निव्वळ कार्बाइडचं सूत्र घेतलं तर न्यूक्लिएशनचं सुरुवातीचं तापमान बरंच खाली दिसेल.

दोन, पर्लाइट. ०.३८ कार्बनला बहुतेक भाग पर्लाइट (फेराइट आणि सिमेंटाइट, म्हणजे लोह कार्बाइड, यांच्या आलटून-पालटून पट्ट्या) असतो आणि थर पर्लाइटच्या फेराइटमध्येही बनतात. पण तिथे सिमेंटाइट बरोबरीने वाढत असल्यामुळे सीमेसमोर कार्बन तसा साचत नाही, आणि पर्लाइटची सीमा सहसा जास्त वेगाने धावते. वरचा ०.७ टक्क्यांचा आकडा आणि ०.१ मायक्रोमीटरचा वेग तिथे चालणार नाही. प्रोयुटेक्टॉइड फेराइट (पर्लाइटच्या आधी बनणारं) आणि पर्लाइट यांची दोन वेगळी रन काढा.

तीन, तापमान. सतत थंड होताना पायरी अंतरातच ठेवा आणि दर पायरीला तापमान, विद्राव्यता, दोन्ही डिफ्यूजन नव्याने काढा. शीतकरणाचा दर शाफ्टच्या वेब आणि पिनमध्ये सारखा नसतो. कन्व्हेयरचा एकच दर न घेता दोन्ही जागी थर्मोकपल लावून मिळालेला वक्र घाला. पंख्यांची घडी बदलल्यावर कडकपणा एका जागी सुधारतो आणि दुसरीकडे पडतो, त्याचं कारण अशा दोन वक्रांच्या फरकात लगेच सापडतं. बिलेटचं सोकिंग १२०० अंशांच्या वर असेल तर व्हॅनेडियम पूर्ण विरघळलेला धरायला हरकत नाही.